त्रेचाळीस नंबरचा दगड

रविवारी पहाटे गाडी मीच काढते.
नागोराव डावीकडे, मांडीवर धपाट्यांचा डबा,
पायाशी पाण्याची कॅन,
आरशाला माळेगावच्या जत्रेतला काळा गोंडा,
जो प्रत्येक खड्ड्याला मान हलवून हो म्हणतो.

नांदेड सुटलं की नरसीपर्यंत आम्ही बोलत नाही.
करार वगैरे नाही, सवय.
नरसीला चहा, सुशीला, वरून शेव,
आणि हॉटेलवाल्याचं ठरलेलं, "आज कुठं निघालाव?"
जसं काही त्याला विचारूनच निघतो.

गेल्या महिन्यात सहस्रकुंड. त्याआधी औंढा.
त्याआधी कंधारचा किल्ला. तिथं माझी चप्पल तुटली.
मी अनवाणी पुढे, तुटकी-धडकी जोडी हातात धरून ते मागे.
तेवढं अंतर
आम्ही नवरा-बायको दिसलो असू.

सहा वर्षं त्यांची बदली किनवटला,
माझं बँकेचं काउंटर इथं.
दोन शेगड्या, दोन झाडू, दोन दुधाच्या वह्या.
परत आले तेव्हा कपाटात त्यांच्या शर्टांच्या जागी
माझी लोकर भरलेली.
कोणाचंच चुकलं नव्हतं.
त्यामुळे भांडताही येईना.

मग गाडी घेतली.
गाडीत बरं असतं, दोघांनाही समोर बघावं लागतं.
स्वयंपाकघरात घशाशी येऊन थांबतं ते
करडईच्या पिवळ्या पट्ट्यावर नजर ठेवून सहज निघतं.
"मला तिथं एकट्याला बरं वाटायचं,"
ते म्हणाले, शंकरनगरच्या पुढे,
मी उसाची ट्रॉली ओलांडत असताना.
मी आधी ट्रॉली ओलांडली.
मग म्हटलं, "मलाही."

होट्टलला पोचलो तेव्हा ऊन देवळाच्या निम्म्यावर आलेलं.
बाहेरच्या भिंतीवर काळ्या दगडाच्या बायका;
एकीनं पाय उचललाय, काटा काढतेय.
"इतकी शतकं झाली, हिचा काटा काही निघेना."
ते हसले.
देवळात हसावं तसं नाही, मोठ्यानं.

मागे गवतात दगड मांडून ठेवलेले,
प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा.
एकेचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस.
शेळ्यांमागून आलेल्या पोरानं, सायलूनं, समजावलं:
उकलायच्या आधी नंबर टाकतेत,
परत रचताना चुकू नाही म्हणून.
मी तिथंच उभी राहिले.
शेगडी, झाडू, शर्ट.
कोणी तेव्हा चुन्याचं डबडं दिलं असतं हातात!

नागोराव मात्र खाली वाकून गवत बाजूला सारत होते.
"काय हुडकूलालाव?"
"त्रेचाळीस."
"ते आमच्या अंगणात हाय. आजी धुणं धुती त्याच्यावर."
पोराला लाज वाटली नाही,
आम्हालाही वाटायचं कारण नव्हतं.
त्याला दोन धपाटे दिले. एक त्यानं शेळीला दिला.

एरवी इथून परततो.
आज गाडी हैदराबादच्या अंगाला वळली,
मी वळवली असं म्हणायला हवं.
सीमेची कमान गेली, मातीचा काळेपणा तसाच,
फक्त पाट्यांवरची अक्षरं गोल झाली,
जिलेबीवाल्यानं घाईत पाडल्यासारखी.
मला त्यातलं काही कळेना.
"मेल्लगा," नागोराव म्हणाले.
"काय?"
"त्या पाटीवर. हळू, म्हणतेत. पुढं पूल आहे."

पूल खरंच होता, खाली पाणी थोडं, बगळे जास्त.
"हे कधी शिकलात?"
"किनवटला. संध्याकाळी वेळ असायचा."
त्यांनी पुढची पाटी वाचली. मग त्याच्या पुढची.
खताचं दुकान, दवाखाना, कुणाच्या तरी लग्नाचं अभिनंदन.
वाचताना ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा.

मी गिअर खाली आणला.
काटा चाळिसाच्या जरा पुढे थरथरत राहिला.